शेवटी सहा येणारे वजन

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना महामार्गाला लागून एक खासगी वजनकाटा आहे. साठ टनांचा प्लॅटफॉर्म, शेजारी लहानशी खोली, खोलीत वजनाचा आकडा दाखवणारा इंडिकेटर, संगणक आणि पावती छापणारा प्रिंटर, एवढीच त्याची मांडणी. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मक्याचे ट्रक, बेळगावच्या उद्यमबागेतून निघालेल्या बिडाच्या कास्टिंगच्या गाड्या असे सगळेच येथे वजनाला थांबते. गेल्या खरिपाचा मका निघाला तेव्हा या काट्याच्या एका पावतीत बारा चाकी ट्रकमधला मका २,७०४ किलोंनी कमी भरला आणि तो का कमी भरला हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी बेळगावात औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सची देखभाल करतो. दोष काट्यात निघाला नाही, प्लॅटफॉर्मखाली वजन जोखणाऱ्या लोडसेलमध्ये निघाला नाही आणि कोणाच्या मनातही निघाला नाही. संगणक उणे संख्या कशा लिहितो आणि आपण त्या कशा वाचतो, यांच्या मधल्या फटीत तो बसला होता. भरलेल्या गाडीचे वजन कधी उणे असते का, मग उणे संख्येचा येथे संबंध काय, असे मला तेथे प्रत्येकाने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून ठेवावे म्हणून हे टिपण करीत आहे.

तक्रार

मका चिकोडी तालुक्यातील चार शेतकऱ्यांचा होता. चौघे एकाच भावकीतले, आणि चौघांनी मिळून एक ट्रक भरला होता. सकाळी रिकामा ट्रक याच काट्यावर नेऊन वजन घेतले, ते १२,०६० किलो भरले. खळ्यावर प्रत्येक पोते लहान काट्यावर ठेवून पन्नास किलोंचे केले, पोती मोजून चढवली, ती ४४० झाली. संध्याकाळी भरलेला ट्रक काट्यावर आला. पावतीवर भरलेले वजन ३१,४१६, रिकामे १२,०६० आणि निव्वळ १९,३५६ किलो असे छापून आले.

चौघांत जे वडीलधारे होते, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी पावती हातात घेतल्या घेतल्या तोंडी हिशेब केला. ४४० पोत्यांचे २२,००० किलो व्हायला हवेत. "त्रेपन्न पोती कुठं गेली?" एवढेच त्यांनी विचारले. धाकट्याने गाडी काट्यावर असताना खिडकीतून इंडिकेटरचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्या फोटोत लाल आकड्यांत स्पष्ट ३४,१२० दिसत होते. म्हणजे काटा एक सांगत होता आणि पावती दुसरेच सांगत होती.

आपल्या ऊसपट्ट्यात काटामारी हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही, कारण एकदा तो निघाला की मागच्या पिढीपासूनचे सगळे सलते दुःख त्याच्याबरोबर वर येते. त्या संध्याकाळी तो शब्द निघाला. इंडिकेटरला वैधमापन खात्याचे सील आहे, ते शाबूत आहे, असे मालक पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते खरेच होते. पण सील इंडिकेटरला असते, संगणकातल्या प्रोग्रामला नसते, आणि पावती तर संगणक छापतो. मग संगणकच "सेट" केलेला असणार, हा शेतकऱ्यांचा तर्क मला चुकीचा वाटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो. पावती पाहताच माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले आणि नंतरचा सगळा उलगडा तिच्यातूनच झाला. हा काटा दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो. त्याच्यावर ३१,४१० येईल किंवा ३१,४२० येईल, ३१,४१६ येणे शक्यच नाही. पावतीवरचा शेवटचा सहा काट्याने दिलेला नव्हता, तो वाटेत कोठेतरी जन्मला होता. आकडा खाणाऱ्या माणसाने निदान शेवटी शून्य तरी ठेवले असते. म्हणून हे कोणाच्या हातचलाखीचे काम नसावे, असे मला त्याच क्षणी वाटू लागले.

अकरा दिवस आधी

काट्यावर बसणाऱ्या मुलाला मी मागची हकीकत विचारली. दिवाळीत जुना संगणक बदलला होता. जुन्या व्यवस्थेत इंडिकेटर वजन अक्षरांच्या रूपात पाठवत असे. अधिक किंवा उणे चिन्ह, मग एकापुढे एक आकडे, अगदी आपण कागदावर लिहितो तसे. नव्या व्यवस्थेत इंडिकेटर मॉडबसवर जोडला गेला. मॉडबस ही १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आणलेली आणि आजही कारखान्या-कारखान्यांतून चालणारी पद्धत आहे. तिच्यात माहिती सोळा-सोळा बिटांच्या रजिस्टरांतून जाते. रजिस्टर म्हणजे सोळा खणांची पेटी, प्रत्येक खण म्हणजे एक बिट, त्यात शून्य किंवा एक. त्या सोळा बिटांत असलेली संख्या धन समजायची की ऋणही असू शकते, हे मॉडबस सांगत नाही. ते इंडिकेटर बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याने ते पाहून वाचायचे असते.

नवा संगणक बसल्यावर काही दिवसांतच पहिली अडचण आली. प्लॅटफॉर्मवर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल साचला होता आणि त्या चिखलासकट कोणीतरी इंडिकेटरचे शून्याचे बटण दाबले होते. पहाटे मुलाने पाइप लावून प्लॅटफॉर्म धुतला. चिखल गेला, तेवढे वजन कमी झाले आणि इंडिकेटर रास्तपणे उणे २० दाखवू लागला. संगणकाच्या पडद्यावर मात्र रिकाम्या काट्याचे वजन ६५,५१६ किलो आले. पहिली गाडी पूर्ण उतरल्याशिवाय दुसरीची पावती निघू नये म्हणून प्रोग्राममध्ये अडसर होता. वजन पन्नास किलोंच्या खाली आल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे. समोर पासष्ट टन दिसत असताना तो कशाला सोडेल? पहाटेपासून उसाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत खोळंबले.

मालकांनी सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन लावला. त्याने दुरूनच संगणकाचा ताबा घेऊन दोन बदल केले. पहिला, रजिस्टरमधली संख्या चिन्हासह वाचायची. दुसरा, मालकांच्याच सांगण्यावरून, पावतीवर किंवा पडद्यावर उण्याची खूण दिसू नये म्हणून आकडा उणे आला तर चिन्ह टाकून नुसता आकडा ठेवायचा. रिकामा काटा २० दाखवू लागला, अडसर सुटला, रांग हलली. पुढचे अकरा दिवस कोणाचीही तक्रार आली नाही, कारण त्या दिवसांत आलेल्या जवळजवळ सगळ्या गाड्या बत्तीस टनांच्या आतल्या होत्या.

एकच वजने, दोन पारडी

येथे थोडे थांबून सोळा बिटांची भाषा पाहावी लागते. ती सांगण्यासाठी मी त्या खोलीत वाणी वापरतो त्या तराजूचाच दाखला दिला आणि तो सर्वांना लगेच पटला. समजा, तुमच्याकडे सोळा मापे आहेत. पहिले एक किलोचे, दुसरे दोनचे, तिसरे चारचे, असे दुप्पट होत होत पंधरावे १६,३८४ चे आणि सोळावे ३२,७६८ चे. प्रत्येक माप एकेकच आहे. बिट १ असेल तर ते माप वापरायचे, ० असेल तर बाजूला ठेवायचे. सगळी मापे एकाच पारड्यात टाकली तर ० पासून ६५,५३५ पर्यंतचे कोणतेही वजन तोलता येते. ही झाली चिन्हाशिवायची, नुसत्या धन संख्यांची पद्धत.

आता असा करार करा की सोळावे, सर्वांत मोठे माप वापरायचे तर ते नेहमी मालाच्या पारड्यात टाकायचे. बाकीची पंधरा जशीच्या तशी आपल्या पारड्यात. मग सोळावे माप न वापरता ० ते ३२,७६७ मिळतात आणि ते वापरले तर उणे ३२,७६८ पासून उणे १ पर्यंतच्या संख्या मिळतात. हीच "टूज कॉम्प्लिमेंट" पद्धत. मराठीत तिला दोनची पूरक पद्धत म्हणता येईल. सर्वांत डावीकडचा बिट म्हणजे उणे हे चिन्ह, असे पुष्कळ ठिकाणी शिकवतात. माझ्या मते ते अर्धवट आहे. तो बिट चिन्ह नसून दुसऱ्या पारड्यात टाकलेले एक माप आहे, आणि ही गोष्ट लक्षात आली की पुढचे सगळे नियम पाठ न करता समजतात. मोठ्या मापातून थोडे उणे करून संख्या सांगण्याची रीत तर आपल्या बोलण्यात जुनी आहे. एकोणीस म्हणताना आपण विसाला एक उणा म्हणतो आणि पावणेचार म्हणताना चाराला पाव.

उणे वीस लिहायचे तर आधी वीस लिहावे: ०००० ०००० ०००१ ०१००. प्रत्येक बिट उलटा करावा: ११११ ११११ १११० १०११. त्यात एक मिळवावा: ११११ ११११ १११० ११००. तराजूवर पाहा. खालच्या पंधरा मापांपैकी एक, दोन आणि सोळाचे तेवढे बाजूला आहे, म्हणून आपल्या पारड्यात ३२,७४८. सोळावे माप मालाच्या पारड्यात ३२,७६८. वजा केल्यावर उणे २०. तेच सोळावे माप आपल्या पारड्यात मानले तर बेरीज ६५,५१६. पहाटेच्या रिकाम्या काट्यावर मुलाने पाहिला तोच हा आकडा.

आता मक्याचा ट्रक. ३४,१२० म्हणजे १००० ०१०१ ०१०० १०००, म्हणजेच ३२,७६८ अधिक १,०२४ अधिक २५६ अधिक ६४ अधिक ८. दुरुस्तीनंतर संगणक चिन्हासह वाचत होता, म्हणून त्याने सोळावे माप पलीकडच्या पारड्यात टाकले. उणे ३२,७६८ अधिक १,३५२, म्हणजे उणे ३१,४१६. आणि मग "उणे खूण काढून टाका" या ओळीने त्याचे ३१,४१६ केले. हा आकडा इतका सभ्य, इतका संभाव्य दिसतो की पावतीवर पाहून कोणाला शंका येऊ नये. ६५,५१६ किंवा उणे ३१,४१६ छापून आले असते तर मुलानेच पावती फाडून टाकली असती.

सोळा बिटांकडे नुसते पाहून ते ३४,१२० आहेत की उणे ३१,४१६ हे कोणालाही सांगता येणार नाही, अगदी संगणकालाही नाही. त्यांच्यावर तसे काही लिहिलेलेच नसते. आपल्या सीमाभागात याचा दाखला शोधत जावे लागत नाही. "बा" अशी हाक ऐकू आली तर मराठी घरात ती बापाला मारलेली असते आणि कन्नड घरात तिचा अर्थ "ये" असा होतो. अक्षर तेच, उच्चार तोच. अर्थ कोणत्या घरात आपण उभे आहोत त्यावर ठरतो. इंडिकेटर एका घरातून बोलत होता आणि प्रोग्राम दुसऱ्या घरात बसून ऐकत होता.

ताळा

तर्क जुळला तरी चौघा शेतकऱ्यांसमोर तो सिद्ध व्हायला हवा होता. इंडिकेटरच्या सीलला हात लावायचा नव्हता, म्हणून मी केबल सोडवून माझा लॅपटॉप इंडिकेटरच्या जागी जोडला आणि त्यावरून रजिस्टरमध्ये हवा तो आकडा पाठवू लागलो. अण्णांना शेजारी खुर्ची दिली. ३२,७४० पाठवले, पडद्यावर ३२,७४०. ३२,७५०, तेही बरोबर. ३२,७६०, बरोबर. ३२,७७० पाठवले तेव्हा पडद्यावर ३२,७६६ आले. ३२,७८० ला ३२,७५६. ३२,७९० ला ३२,७४६. मी दहा-दहाने चढत होतो आणि पडदा दहा-दहाने उतरत होता. अण्णा पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे जड गाडी हलकी भरतीय." नेमके तेच होत होते. या अकरा दिवसांत बत्तीस टनांच्या वर गाडी जितकी जड, तितकी तिची पावती हलकी निघत होती.

खऱ्या वजनाची आणि पावतीवरच्या वजनाची बेरीज प्रत्येक वेळी ६५,५३६ भरत होती. ३४,१२० अधिक ३१,४१६, करून पाहा. खरे वजन नेहमी शून्याने संपते, म्हणून चुकलेली पावती नेहमी सहाने संपणार. यामुळे जुन्या पावत्या तपासणे सोपे झाले. संगणकातील नोंदींमध्ये भरलेल्या वजनाचा शेवटचा आकडा सहा असलेल्या पावत्या शोधल्या, त्या नऊ निघाल्या. प्रत्येकीचे वजन ६५,५३६ मधून वजा केले की खरे वजन परत मिळाले. त्यांपैकी दोन गाड्यांच्या चालकांकडेही इंडिकेटरचे फोटो होते. दोन्ही ताळे किलोसकट जुळले.

या हिशेबात एक गोष्ट अशी निघाली की ती मला आजही फार सुंदर वाटते. प्रोग्रामने चिन्ह टाकून दिले नसते आणि वजाबाकी सोळा बिटांतच केली असती, तर चुकीच्या वाचनातूनही निव्वळ वजन बरोबर आले असते. उणे ३१,४१६ मधून १२,०६० वजा केले की उणे ४३,४७६ होतात. ही संख्या सोळा बिटांत मावत नाही, डावीकडचा हातचा गळून पडतो, म्हणजे तिच्यात ६५,५३६ मिळवले जातात आणि उरतात २२,०६०. मक्याचे खरे निव्वळ वजन तेवढेच. कारण सोळा बिटांचे गणित हे घड्याळासारखे गोल फिरणारे गणित आहे. ३४,१२० आणि उणे ३१,४१६ ही त्या वर्तुळावरच्या एकाच जागेची दोन नावे आहेत. जोपर्यंत आपण बेरीज-वजाबाकी करतो तोपर्यंत नाव कोणतेही घ्या, जागा बरोबर निघते. चिन्ह पुसताना मात्र वर्तुळावरची जागाच बदलते. पहिल्या बदलाने वाचन चुकले, पण खरी माहिती तेथेच होती. ती घालवली दुसऱ्या, केवळ दिसण्यासाठी केलेल्या बदलाने.

संगणकांनी ही पद्धत का धरली

संगणकांनी हीच पद्धत का उचलली, याचे उत्तरही या गोल गणितातच आहे. धन असो वा ऋण, बेरीज करणारे विद्युत मंडल एकच पुरते. वजा करायचे तर बिट उलटे करून एक मिळवायचा आणि त्याच मंडलातून बेरीज करायची. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक संगणकाच्या मसुद्यात ही पद्धत मांडली आणि केंब्रिजचा एडसॅक १९४९ साली तिच्यावरच चालला. तरीही तिचा विजय लगेच झाला नाही. आयबीएमचा ७०४ आणि पुढे ७०९० हे संगणक एक बिट चिन्हाला आणि बाकीचे संख्येला, अशी कागदावरच्या लिखाणासारखी पद्धत वापरत. १९६४ चा सीडीसी ६६०० नुसते बिट उलटे करून ऋण संख्या लिहीत असे, एक न मिळवता. या दोन्ही पद्धतींत शून्य दोन होतात, एक अधिक शून्य आणि एक उणे शून्य. वजनकाट्याच्या भाषेत सांगायचे तर काटा रिकामा आहे का हे दोनदा विचारावे लागते. १९६४ मध्येच आयबीएमने सिस्टिम/३६० मालिका जाहीर केली, तिच्यातील पूर्णांक टूज कॉम्प्लिमेंटमध्ये होते, आणि त्यानंतर हळूहळू बाकीच्यांनी तीच वाट धरली. सी प्लस प्लस भाषेच्या २०२० च्या मानकाने आणि सी भाषेच्या त्यानंतरच्या मानकाने ऋण पूर्णांकांसाठी ही एकच पद्धत मान्य केली. अपूर्णांकांच्या संख्या मात्र आजही चिन्हाचा वेगळा बिट ठेवतात आणि त्यांच्यात उणे शून्य अजून आहे.

या पद्धतीत एक तिरकेपणा आहे: उणे ३२,७६८ आहे, पण अधिक ३२,७६८ नाही. त्यामुळे सोळा बिटांत उणे ३२,७६८ चे चिन्ह काढू गेले तर ती संख्या उणेच राहते. आपला काटा दहाच्या टप्प्याचा असल्यामुळे ३२,७६८ हे वजन त्याच्यावर कधी येणारच नव्हते, नाहीतर त्या एका वजनाला आणखी वेगळी गंमत दिसली असती.

लहान गाड्यांवर तावून सुलाखून निघालेला प्रोग्राम मोठ्या गाडीवर घसरावा, हे फक्त निपाणीच्या रस्त्यावर घडलेले नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ३७ सेकंदांनंतर वाट सोडून फुटले. आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेला प्रोग्राम त्यात तसाच घेतला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या तो सोळा बिटांच्या चिन्हासह असलेल्या पूर्णांकात कोंबत होता. एरियन ४ वर ती संख्या कधी ३२,७६७ च्या पुढे गेली नव्हती. एरियन ५ अधिक वेगाने आडवे सरकले, आणि संख्या खणात मावली नाही.

दुरुस्ती

सॉफ्टवेअर देणाऱ्याने फोनवर सुचवले की सोळा बिटांची संख्या बत्तीस बिटांच्या खणात ठेवू, म्हणजे जागा वाढेल. जागा वाढते, पण हरवलेला अर्थ परत येत नाही. डावीकडे शून्ये भरली तर रिकाम्या काट्यावर पुन्हा ६५,५१६ येणार. सर्वांत डावीकडचाच बिट पुन्हा पुन्हा भरत नेला, जी खरी रीत आहे, तर उणे २० टिकणार, पण ३४,१२० पुन्हा उणे ३१,४१६ होणार. त्यानेही ते समजून घेतले आणि पुढचे काम आम्ही मिळून केले. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पहाटे रांग अडलेली असताना ज्याला फोन येतो तो समोर दिसते तेच आधी दुरुस्त करतो.

त्या दुपारपुरता आम्ही एक तात्पुरता उपाय केला. काटा साठ टनांचा, म्हणजे ६०,००० च्या वर खरे वजन येणार नाही, आणि उणे आले तरी काहीशे किलोंपलीकडे जाणार नाही. म्हणून रजिस्टर चिन्हाशिवाय वाचायचे आणि ६०,००० च्या वर आकडा आला तरच त्यातून ६५,५३६ वजा करायचे. वर्तुळ कोठे कापायचे हे आपल्या हातात असते. ३२,७६८ वरच कापले पाहिजे असा काही दंडक नाही. हा उपाय गणिताने पूर्ण बरोबर आहे. तरी मी तो कायमचा ठेवला नाही, कारण उद्या कोणी काटा ऐंशी टनांचा केला तर ही ओळ कोणाच्या लक्षात राहणार?

माहितीपुस्तकात पाहिले तेव्हा इंडिकेटर तेच वजन दोन लागोपाठ रजिस्टरांत, बत्तीस बिटांत, चिन्हासहही देतो असे दिसले. बत्तीस बिटांत उणे दोनशे चौदा कोटींपासून अधिक दोनशे चौदा कोटींपर्यंत जागा असते. रस्त्यावर चालणारी कोणतीही गाडी त्यात मावते. ती दोन रजिस्टरे वाचायला लावली आणि रिकामा ट्रक काट्यावर घेतला, तर पडद्यावर ७९,०३,६४,१६० किलो. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला मात्र ते पाहून बरे वाटले, कारण ७९,०३,६४,१६० ला ६५,५३६ ने भागले की बरोबर १२,०६० येतात. दोन्ही रजिस्टरे उलटसुलट क्रमाने जोडली जात होती. मोठा भाग आधी की लहान, हे बनवणाऱ्यागणिक बदलते आणि मॉडबस त्याबाबतही काही सांगत नाही. क्रम बदलला, १२,०६० आले.

मग उणे बाजू तपासली. प्लॅटफॉर्मवर सिमेंटची पाच पोती ठेवली, शून्याचे बटण दाबले आणि पोती उचलली. इंडिकेटरवर उणे २५०, पडद्यावरही उणे २५०. चिन्ह पुसणारी ओळ आम्ही काढून टाकली होती. मालकांना पडद्यावरचे उणे अजून खटकत होते, पण मी त्यांना ते तसेच ठेवायला सांगितले. प्लॅटफॉर्म धुतल्यावर शून्य सरकले आहे हे मुलाला कळण्याची तीच एक खूण आहे. पावती निघण्यापूर्वी रिकामा काटा शून्यापासून वीस किलोंपेक्षा अधिक इकडे-तिकडे असेल तर शून्य करा असे सांगणारी ओळ घातली, आणि दहाच्या टप्प्यात न बसणारे वजन आले तर पावतीच अडवणारी दुसरी. ही दुसरी ओळ आधी असती तर सहाने संपणारी पहिलीच पावती बाहेर पडली नसती.

नऊही पावत्या दुरुस्त करून नव्याने छापल्या, जुन्या क्रमांकासह, आणि मालकांनी नऊ जणांना स्वतः फोन केले. मका घेणाऱ्या व्यापाऱ्याने ट्रक उतरवताना पोती मोजलेलीच होती, त्यामुळे २,७०४ किलोंचे पैसे चौघांना देताना त्याने खळखळ केली नाही. अण्णांनी नवी पावती घडी घालून खिशात ठेवण्याआधी डोळ्यांजवळ नेली आणि शेवटचा आकडा पाहिला. ३४,१२० आणि १२,०६०, निव्वळ २२,०६०. मग त्यांनी जुनी पावतीही मागून घेतली आणि दोन्ही एकाच घडीत ठेवल्या.